विचारा की ताईला : भाकरी फाटते, पोळी वातड होते आणि गॅसपाशी मात्र मी एकटीच

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून ओट्यापाशी एक तरी पदार्थ करा, मला वाटलं कोणी केक करेल कोणी पावभाजी, पण पत्रं आली ती सगळी पोळी-भाकरीची. म्हणजे रोजचीच गोष्ट आहे आणि तीच येत नाही अशी बरीच घरं आहेत असं दिसतंय. असो, सुरू करू.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही चिंचवडला राहतो, मूळचे बार्शीकडचे. फेब्रुवारीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून घरात भाकरी बंद आहे, कारण रोज रात्री आईच करायची, बाकी कुणाला येतच नाही. बायको कोकणातली आहे, तिला तांदळाची येते पण ज्वारीची नाही. तर दोन रविवार झाले मी, बायको, मुलगी (११) आणि मुलगा (६) असे चौघं मिळून ट्राय करतोय, आई खुर्चीत बसून सूचना देते. पण थापताना कडेला चिरा पडतात, उचलायला गेलं की हातात दोन तुकडे, आणि चुकून एखादी तव्यापर्यंत पोचली तर फुगत नाही. आई म्हणते तुमच्या हाताला वळणच नाही. मुलगा म्हणतो पप्पा पिझ्झा मागवा. पीठ सुपरमार्केटमधलं आहे, चांगलं पॅकबंद. नेमकं काय चुकतंय?
(एक बाबा, चिंचवड)

उत्तर : दादा, आईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की हाताला वळण नंतर बघू, आधी त्या पुड्यावरची तारीख बघू. माझी पैज आहे की पीठ दळून दोन-तीन महिने तरी झालेत. ज्वारीच्या पिठाला विरी असते, हा शब्द आईंना नक्की माहीत असणार, विरी म्हणजे पिठाचा धरून ठेवायचा गुण. गव्हात ग्लुटेन असतं म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही, ज्वारीत ते अजिबातच नसतं, तिथे सगळी मदार या विरीवर, आणि पीठ जुनं झालं की विरी जाते. मग तुम्ही कितीही मळा, कडा फाटणारच.

आता गंमत अशी आहे की आईंनी जन्मभर आठवड्याच्या आठवड्याला दळून आणलेलं पीठ वापरलं असणार, त्यामुळे त्यांना गार पाण्यातसुद्धा भाकरी जमत होती आणि त्या तुम्हालाही तेच सांगत असतील. आणि ज्याने तुमचं काम होणार आहे ती युक्ती तुमच्या बायकोला माहितीये! तांदळाची भाकरी ती उकड काढूनच करत असेल ना? तेच ज्वारीला करायचं. एक वाटी पाणी उकळायचं, चिमूटभर मीठ, गॅस बंद करून त्यात एक वाटी पीठ घालायचं, उलथण्याच्या दांड्याने ढवळून झाकण ठेवायचं दहा मिनिटं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो, म्हणजे गेलेली विरी आपण उसनी आणतो. हाताला सोसवेल इतकं कोमट झालं की परातीत काढून मळायला घ्यायचं. कोरडं वाटलं तर पाण्याचा हात, सैल वाटलं तर थोडं सुकं पीठ, यात घाबरायचं काही नाही.

मळण्याबद्दल एक गोष्ट नीट ऐका कारण व्हिडिओत ही नेहमी फास्ट फॉरवर्ड केलेली असते. सगळं पीठ एकदम मळून गोळे करून ठेवायचे नाहीत, ती पोळीची पद्धत. भाकरीला एका भाकरीपुरतं घ्यायचं आणि तळहाताच्या मनगटाकडच्या गादीने परातीत पुढे घासत न्यायचं, परत गोळा करायचं, परत घासायचं, दोन मिनिटं तरी. माझी आजी काठवटीत करायची आणि तिचा निम्मा वेळ या मळण्यातच जायचा, थापायला तिला पंधरावीस सेकंदंसुद्धा लागत नसत. गोळा दाबून बघायचा, कडेला चीर दिसली तर अजून मळायचं, नाही दिसली तर थापायचं. इतकी सोपी परीक्षा आहे.

थापताना परातीत खाली पीठ पसरायचं, वरून नाही. एका हाताने थापायचं आणि दुसऱ्या हाताने कड सावरायची, भाकरी आपोआप फिरत राहते, फिरली नाही म्हणजे खाली पीठ कमी पडलं. मग तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आली पाहिजे, आणि लगेच, म्हणजे खरंच लगेच, तिच्यावर सगळीकडे पाणी फिरवायचं. हे पाणी वरचं सुकं पीठ धरून ठेवतं. ते पूर्ण सुकलं की भाकरी तडकते आणि ओलं असतानाच उलटली तर तव्याला चिकटते, म्हणून चकाकी गेली पण ओल आहे अशा वेळी उलटायची. पाण्याची बाजू खाली छान डाग पडेपर्यंत भाजायची, आणि मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर. आत अडकलेली वाफ वर यायला बघते आणि पापुद्रा सुटतो. कुठे बारीकशी चीर असली तरी वाफ तिथूनच पळते, म्हणजे तुमची फुगत नव्हती ती पण त्याच चिरांमुळे.

ज्वारी शक्यतो अख्खी घ्या, शाळू म्हणजे रब्बीची, मालदांडी मिळाली तर उत्तमच. तुमच्या बार्शीच्या जिल्ह्यातलीच आहे ती, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि मालदांडी ३५-१ हा निवडून काढलेला वाण मोहोळचा, तुमच्या आजोबांनी पण खाल्ला असेल. पावसाळी हायब्रीडपेक्षा दाणा पांढरा, चवीला गोड. एका वेळी दोन किलोच दळून आणा, गिरणीत सांगा भाकरीसाठी बारीक पाहिजे, आणि पंधरा दिवसांत संपवा. बाजरी आणाल तेव्हा अजून कमी आणा, तिच्यात तेलाचा अंश ज्वारीपेक्षा बराच जास्त असतो, शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे पीठ लवकर कडू होतं, उन्हाळ्यात तर आठवड्यात.

मुलांचं म्हणाल तर सहा वर्षांच्याला पुरीएवढीच भाकरी थापू दे, त्याची त्याची, आणि ती त्यालाच खायला लावा म्हणजे पिझ्झा विसरेल. अकरा वर्षांची मळू शकते आणि पाणी फिरवू शकते पण आधी तव्यापाशी कोण आहे ते ठरवा, फुगलेली भाकरी फुटली की वाफ थेट बोटांवर येते, मी चाळीस वर्षं भाकरी करतेय तरी अजून कधीतरी चटका बसतोच. आणि आईंना फक्त सूचना द्यायला बसवू नका हो, परात त्यांच्यासमोर डायनिंग टेबलवर ठेवा, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हाताचं नाही. बसून मळता येतं.

प्रश्न : माझं वय ५८. घरात पाच माणसं. मिस्टर मागच्या वर्षी रिटायर झाले. रोज सगळे एकदम जेवायला बसतात आणि मी गॅसपाशी, एकेक गरम पोळी वाढत, शेवटी मी बसते तेव्हा आमटी गार आणि हे टीव्हीपाशी गेलेले. सून म्हणाली आई सगळ्या पोळ्या आधी करून डब्यात ठेवू आणि एकत्र बसू. दोन दिवस केलं तर मिस्टरांना डब्यातली वातड लागते. मुलगा म्हणतो पोळ्यांना मावशी लावू. मला मावशी नकोत, मला फक्त सगळ्यांबरोबर जेवायचंय, हे फार मागणं आहे का?
(एक काकू, सांगली)

उत्तर : काकू, फार तर नाहीच, उलट तुम्ही उशिरा मागितलंत.

आधी वातडपणाचं बघू कारण तेवढं कारण काढून घेतलं की निम्मं भांडण संपतं. वातड पोळी म्हणजे तीनापैकी काहीतरी. एक तर कणीक घट्ट आहे, डब्यात ठेवायच्या पोळ्यांची कणीक तव्यावरून ताटात जाणाऱ्या पोळीपेक्षा सैल लागते, बोट दाबलं तर खळगा पडावा आणि हळूच वर यावा. किंवा मुरली नाहीये, मळून तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवा, तेवढ्यात पाणी कोंड्यात शिरतं आणि ग्लुटेन सैलावतं, मग लाटताना आखडत नाही. आणि तिसरं, हेच सगळ्यात कॉमन आहे, तवा मंद. मंद आचेवर पोळी भाजत नाही तर वाळते. तवा आधी चांगला तापू द्या, आच मोठी, पोळी पटकन भाजून पटकन खाली. घडीची करत असाल तर घडीच्या आत तेल लावून वर पीठ भुरभुरवता ना, ते विसरू नका, त्या पिठामुळेच पदर सुटतात आणि पदर सुटलेली पोळी सहसा वातड होत नाही. डब्यात सुती फडकं घाला, पोळी मिनिटभर जाळीवर ठेवून वाफ गेली की मग डब्यात, नाहीतर वरची वाळते आणि खालची ओली गिच्च.

आता मिस्टरांचं. ते रिटायर आहेत, दोन्ही हात शाबूत आहेत आणि गरम पोळीची आवड आहे, म्हणजे याहून योग्य उमेदवार सांगली जिल्ह्यात मिळायचा नाही. लाटायचं ताबडतोब येणार नाही, ते सोडा, भाजायला लावा. लाटणारा एक आणि भाजणारा एक असे दोघं असले की वीस पोळ्या अर्ध्या तासात होतात, एकटीला पाऊण तास लागतो. पहिले चार दिवस ते उलथणं धरून सारखं विचारतील "झाली का, झाली का", तेवढं सहन करा. आमच्याकडे हे झालंय, आमचे हे पहिल्या दिवशी पोळीवर इतके डाग पाडून बसले की सासूबाई म्हणाल्या नकाशा काढलाय का, पण पंधरवड्यात हात बसला आणि आता मला सांगतात तुझी जरा जाड झालीये.

आणि तरी त्यांना तव्यावरचीच हवी असेल तर सोपं आहे, ज्याला तव्यावरची हवी तो तव्यापाशी उभा राहतो. बाकीचे डब्यातली खात बसतात, तुमच्यासकट.

प्रश्न : ताई, आम्ही जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. मुलगी ४ वर्षांची आहे, रविवारी आई व्हिडिओ कॉलवर आणि आम्ही तिघं इकडे असा पोळ्यांचा कार्यक्रम असतो. इंडियन स्टोअर लांब आहे, आटा संपला की इथलं पीठ आणते पण त्याची एकदा पोळी मैद्यासारखी ताणते, एकदा ब्रेडसारखी कोरडी होते. गॅस नाही, काचेचा हॉब आहे, फुलका फुगत नाही, आणि दर वेळी धुराचा अलार्म वाजतो मग आई तिकडून घाबरून ओरडते. काही सोल्युशन?
(एक आई, जर्मनी)

उत्तर : तिकडच्या पुड्यावर आकडा असतो ना, ४०५, ५५०, १०५०, तो बघून घ्यायचं. पीठ जाळल्यावर किती राख उरते त्याचा तो आकडा आहे, १०० ग्रॅम पिठाला इतके मिलिग्रॅम, म्हणजे आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदा, तीच तुझी ताणणारी पोळी. आणि फोलकॉर्न लिहिलेलं असतं ते अख्ख्या गव्हाचं पण कोंडा जाडसर, तीच तुझी कोरडी. १०५० घेऊन बघ किंवा फोलकॉर्न चाळून त्यात निम्मं ५५० मिसळ. आणि पाणी आट्याच्या अंदाजाने घालू नकोस, कमीपासून सुरुवात कर. आपल्याकडचं चक्कीचं पीठ दगडाखाली रगडलं जातं, त्यात स्टार्चचे कण जास्त फुटतात आणि म्हणून ते पाणी खूप पितं, तिकडच्या रोलरवरच्या पिठाला तेवढं लागत नाही.

फुलक्याला आच लागतेच असं नाही. तवा कडक तापव, पहिली बाजू अर्धवट भाजून उलट, दुसरी पूर्ण भाज, परत उलटून सुती फडक्याच्या बोळ्याने कडेने हलकं दाबत जा, वाफ मध्ये ढकलली जाते आणि फुगतो. हॉब इंडक्शनचा असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा तवा चालणार नाही, फ्रिजवरचं मॅग्नेट ज्याला चिकटेल तोच घ्यायचा, बिडाचा सगळ्यात भारी.

अलार्म पोळीमुळे वाजत नाही, तव्यावर सुकं पीठ जळतं त्यामुळे वाजतो. दर दोन पोळ्यांमागे तवा कोरड्या फडक्याने पुसून घे आणि लाटून झालेली पोळी दोन हातांवर थापटून पीठ झटक. चार वर्षांच्या बाईसाहेबांना हे झटकायचं काम आवडेल, पण मग स्वयंपाकघर पांढरं होणार, आईला कॅमेरा वर धरायला सांग.

प्रश्न : आमच्या ९ वर्षांच्या मुलीला दोन महिन्यांपूर्वी सिलियाक निघालं. गहू पूर्ण बंद. तिला आधी माझ्या आणि तिच्या आजीबरोबर पोळ्या लाटायला इतकं आवडायचं की लाटणं तिचं वेगळं होतं. आता ती नुसती बघत बसते आणि मला रडू येतं. तिने आमच्यासाठी लाटल्या, स्वतः नाही खाल्ल्या, तर चालेल का? सासूबाई म्हणतात थोड्याने काय होतं.
(एक आई, नागपूर)

उत्तर : नाही चालणार, आणि थोड्याने पण होतं. सिलियाकमध्ये गव्हातलं ग्लुटेनच आतड्याला सोसत नाही, त्यामुळे गव्हाचा कण सुद्धा त्रास देऊ शकतो, वरवर मूल बरं दिसलं तरी. लाटताना पीठ हवेत उडतं, हाताला लागतं, हात तोंडाकडे जातो. सासूबाईंना पुढच्या व्हिजिटला डॉक्टरकडे सोबत न्या, आपण सांगून पटत नाही ते पांढऱ्या कोटाने पटतं.

पण लाटणं काढून घ्यायची गरज नाहीये, पीठ बदलायची गरज आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यात ग्लुटेन नाही. तिच्यासाठी नवीन पोळपाट, लाटणं, चाळणी, परात आणि तवा आणा, लाकडाचं जुनं लाटणं कितीही धुतलं तरी वापरू नका. दळणाचं मात्र सांभाळा, गिरणीत तुमच्या आधी गहू दळला असेल तर तुमच्या ज्वारीत तो आलाच. जमलं तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका. अजून काही गोष्टी ज्या लोकांच्या लक्षात येत नाहीत : सातूच्या पिठात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, रवा-शेवया गव्हाच्याच, आणि डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे फोडणीतून जातं आणि आपल्याला पत्ता नसतो. लेबल वाचायची सवय लावून घ्या.

वर चिंचवडच्या दादांना सांगितलेली उकड आहे ना, त्या उकडीची ज्वारीची भाकरी लाटता पण येते, खाली पीठ घेऊन हलक्या हाताने. तर निदान रविवारी तरी सगळ्या घराने भाकरीच खायची आणि लाटायची ती तिने, सगळ्यांसाठी. त्या दिवशी गव्हाचा डबा उघडायचाच नाही. आजीला तिच्या हाताखाली गोळे करायला बसवा.

बाकी वाचकांसाठी, आपल्या मुलाला असं काही असेल अशी नुसती शंका आली तर टेस्टच्या आधी स्वतःच गहू बंद करू नका, गहू खाण्यात असतानाच टेस्टमध्ये नीट कळतं. डॉक्टरला विचारून मगच.

प्रश्न : मी पुण्याची, नवरा कोल्हापूरचा. मी पोळी म्हणते, तो चपाती म्हणतो आणि पोळी म्हटलं की पुरणाची का असं विचारतो. मुलगा विचारतो खरं नाव काय?
(एक वाचक)

उत्तर : दोन्ही. त्यांच्याकडे पोळी म्हणजे पुरणपोळी हे अगदी खरंय, तुझं ऐकून तो बिचारा दर वेळी आशेने ताटाकडे बघत असेल. महिन्यातून एकदा त्याच्या अर्थाची पोळी कर, म्हणजे दोघं मिळून करा, पुरण वाटायला त्याला बसव.

प्रश्न : ताई पहिली भाकरी नेहमीच का बिघडते? दुसरीपासून बरी होते.
(एक विद्यार्थी, संभाजीनगर)

उत्तर : तवा. पहिलीच्या वेळी तो वरवर तापलेला असतो, पाण्याचे दोन थेंब टाकून बघ, ते नाचत उडाले पाहिजेत, नुसते बसून सुकले तर अजून थांब. बाकी माझी पण पहिली बिघडते रे, ती मी कुणी यायच्या आत ओट्यापाशी उभ्याउभ्या ठेच्याबरोबर खाऊन टाकते.